एक डोळा आधी

पहाटे पलंग हलला तेव्हा मला आधी वाटलं, आई मला उठवताहेत. आई म्हणजे माझ्या सासूबाई. गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर आम्ही दोघीच असायचो. नवरा बँकेत, पोस्टिंग लखनौला, शनिवार-रविवारी घरी. मग पंख्याची दांडी कुरकुरायला लागली, कपाटावरची बॅग खाली आदळली, आणि लक्षात आलं की भूकंप आहे.

दिल्लीकडे राहणाऱ्याला भूकंप नवा नाही. एरवी ऑफिसात खुर्ची हलली की आम्ही एकमेकांकडे बघतो, "आया क्या?" म्हणतो आणि पुन्हा फाइलमध्ये डोकं घालतो. पण हा धक्का लांबला. मी चष्म्यासाठी हात टाकला तर स्टुलावर चष्मा नव्हता. पाय खाली सोडला आणि तो पायाखाली कडकन मोडला.

माझा नंबर उणे सहाच्या पुढे. चष्म्याशिवाय मला माझ्याच हाताची बोटं नीट दिसायची नाहीत. आई दारात आल्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही अकराव्या मजल्यावरून जिना उतरायला लागलो. त्यांचे गुडघे दुखरे, तरी पुढे त्या. "पायरी," त्या म्हणायच्या. "पायरी. आता सपाट आहे. वळ." मागून लोक धावत येत होते, कुणी कुत्रा उचलून आणलेला, कुणाचं मूल रडत होतं, आणि मला सगळीकडे फक्त रंगांचे ढिगारे दिसत होते.

खाली पार्किंगमध्ये आई म्हणाल्या, "थांब इथं, मी बसायला काही मिळतं का बघते." त्या गेल्या आणि मी गर्दीत एकटी उरले. चारी बाजूंना शाली पांघरलेल्या बायका. त्यातली माझी सासू कुठली, हे मला सांगता येईना. नुकसान कुणाचंच झालं नाही. लोक थोड्या वेळानं वर जाऊन चहा करायला लागले. पण गर्दीतला तो वेळ माझ्या अंगातून गेला नाही. त्या आठवड्यात नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "मी लेसर करून घेते."

तो म्हणाला, "अच्छा, कर ना. माझ्या ब्रँचमधल्या दोघांनी केलंय."

आई ताटात भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला. "डोळ्याला हात लावून घ्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "चष्मा मोडला तर दुसरा आण. दोन आण. पण चांगल्या डोळ्याला हात नको."

त्यांचं कारण मला माहीत होतं. माझे सासरे वाशीम जिल्ह्यात शिक्षक होते. तालुक्याच्या गावी शिबिरात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. माझ्या लग्नानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत, पण जेवताना ते आख्खी मान वळवून भाजीची वाटी शोधायचे, ते मी पाहिलेलं आहे. आई न बोलता वाटी उजवीकडे सरकवायच्या.

नवरा म्हणाला, "आई, ते वेगळं होतं. आता मशीन असतं सगळं."

"तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाला होता," आई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

तरी मी नोएडातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. सबंध दिवस तपासणीत गेला. एका यंत्रात हनुवटी ठेवायची आणि समोरच्या गोल गोल रेषांकडे बघायचं. त्यावरून डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, नकाशा निघतो. दुसऱ्या यंत्रानं त्याची जाडी मोजली. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून अश्रू पुरेसे येतात का ते पाहिलं. मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासला. त्या थेंबांनी इतका उजेड झाला की मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून बसून राहिले.

डॉक्टर माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. शांत, हळू आवाजात हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी मला काहीही गोड करून सांगितलं नाही. कॉर्निया पुरेसा जाड आहे, नंबर दोन-तीन वर्षं हललेला नाही, म्हणून करता येईल. आधी एक लेसर कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापतं, तो पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, मग दुसरं लेसर आतल्या थराला आकार देतं, आणि पान परत मिटायचं. काही महिने डोळे कोरडे राहतील. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागेलच, तो याने टळत नाही. थोडा नंबर परत येऊ शकतो. फार क्वचित जंतुसंसर्ग होतो.

"और कुछ गड़बड़?" मी विचारलं.

"पापुद्रा कापताना डोळ्यावर एक रिंग बसवतो. ती हवा ओढून, म्हणजे सक्शननं, डोळा पकडून ठेवते. कधी कधी ती सुटते. बहुत कम. तेव्हा आम्ही थांबतो," त्या म्हणाल्या. "जबरदस्ती नहीं करते."

हे शेवटचं वाक्य मी घरी येऊन आईंना सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. हातातली शेंग त्यांनी सोलून संपवली. मग म्हणाल्या, "कोण येणार तुझ्यासोबत?"

"हे येतील लखनौहून."

पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बँकेत अचानक तपासणी निघाली आणि नवऱ्याला सुट्टी मिळेना. तो फोनवर म्हणाला, "यार, पुढे ढकल ना." मी हो म्हणणारच होते. आईंनी मला हात केला आणि फोन घेतला. "मी जाते," त्या म्हणाल्या. "तू तुझं काम कर."

सकाळी मी डोक्यावरून अंघोळ केली, कारण मग आठवडाभर डोक्यावरून पाणी घेता येणार नव्हतं. पावडर नाही, काजळ नाही, सेंट नाही. त्याच्या वासानंसुद्धा यंत्रावर परिणाम होतो म्हणे. निघताना आईंनी बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती लावली आणि मला हात जोडायला सांगितलं नाही. मी आपणहून जोडले. कॅबमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता. आत चाललेलं ऑपरेशन नातेवाइकांना त्यावर दिसायचं. आम्ही गेलो तेव्हा कुणाचा तरी डोळा पडदाभर पसरलेला होता, पापण्या तारेच्या चिमट्यानं फाकवलेल्या. आईंनी तो पाहिला आणि टीव्हीसमोरच्याच खुर्चीवर जाऊन बसल्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही तिकडं बसा ना, खिडकीपाशी."

"नाही," त्या म्हणाल्या. "मला दिसू दे."

आत मला हिरवा गाऊन आणि टोपी घातली. डोळे सुन्न करणारे थेंब पुन्हा पुन्हा घातले. पहिल्यांदा चुरचुरले, मग पापण्या दुसऱ्याच कुणाच्या असल्यासारख्या झाल्या. ऑपरेशनची खोली फार थंड होती. दोन मोठी यंत्रं, मध्ये फिरणारा पलंग. हातात धरायला एक मऊ चेंडू दिला. आधी पहिल्या यंत्राखाली दोन्ही डोळ्यांचे पापुद्रे, मग पलंग फिरवून दुसऱ्या यंत्राखाली दोन्हींना लेसर, असा क्रम होता.

उजवा डोळा आधी. डाव्यावर झाकण. चिमट्यानं पापण्या ताणल्या. रिंग बसली आणि डोळ्यावर कुणी अंगठा दाबावा तसा दाब आला. दुखत नव्हतं, पण दाब वाढत गेला आणि समोरचा उजेड करडा होत होत गेला. काळोख. डॉक्टर म्हणाल्या होत्या, असं होईल, घाबरू नका. तरी, डोळा उघडा आणि समोर काळोख. मी चेंडू दाबला. यंत्र गुणगुणलं. "बहुत अच्छा," डॉक्टर म्हणाल्या. दाब गेला, उजेड परत आला, धुकट.

मग डावा. तोच चिमटा, तीच रिंग. माझ्या डाव्या डोळ्याची फट लहान आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. रिंग नीट बसेना. एकदा काढून परत लावली. दाब आला. उजेड करडा झाला. यंत्र गुणगुणायला लागलं, आणि अचानक दाब सुटला. कडेनं पाणी शिरल्यासारखं गार काहीतरी पसरलं आणि उजेड एकदम परत आला.

यंत्राचा आवाज बंद झाला होता.

"मी हलले का?" मी मराठीतच विचारलं. मग हिंदीत. "मैं हिली क्या?"

"सक्शन छूट गया," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला नव्हता. त्यांनी वरच्या भिंगातून बराच वेळ पाहिलं. "अर्धा काप झाला होता. मी यावर आज काही करणार नाही. आकार देणारं लेसर लागलेलं नाही. डोळा सुरक्षित आहे."

"आणि उजवा?"

"उजव्याचा पापुद्रा चांगला झालाय. तो आजच पूर्ण केलेला बरा. तुम्हाला जमेल का? सांगा. घाई नाही."

मला उठून पळून जायचं होतं. पण एका डोळ्यात पूर्ण कापलेला पापुद्रा होता आणि दुसऱ्यात अर्धवट. मी म्हटलं, "जमेल." कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो पलंग फिरेपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या यंत्राखाली वर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. "फक्त याच्याकडे बघायचं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पापुद्रा उलटला आणि ठिपका फुटून पसरला, पाण्याखालून दिवा बघावा तसा. लेसर सुरू झालं. टकटकटक आवाज, आणि केस जळल्याचा वास. तो माझाच वास आहे हे कळत होतं. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मघाशी मी हलले असेन तर आताही हलेन. श्वास घेऊ की नको हेही ठरेना. डॉक्टर मध्ये मध्ये सांगत होत्या, किती झालं, किती उरलं. डोळा हलला तर यंत्र आपोआप थांबतं, असंही त्या म्हणाल्या. हे त्यांनी आधी सांगितलं होतं, पण मला तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आलं. मग पाणी सोडल्यासारखं झालं, एक मऊ ब्रश डोळ्यावरून फिरताना दिसला, पण जाणवला नाही. ठिपका पुन्हा गोल झाला.

उठून बसले तेव्हा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. काटे दिसले. आनंद व्हायला हवा होता. मी डावा डोळा मिटून, उजव्यानं घड्याळाकडे बघत बसले आणि मला फक्त आई बाहेर टीव्हीसमोर बसल्या आहेत एवढंच सुचत होतं.

बाहेर आले तेव्हा आई उभ्याच होत्या. त्यांच्या पदराचं टोक पिळून दोरीसारखं झालं होतं. मी गॉगल घातलेला, खाली पारदर्शक प्लास्टिकचं कवच. मी सांगायला सुरुवात केली, "आई, डावा..."

"मला कळलं," त्या म्हणाल्या. "एक डोळा मधेच टीव्हीवरून गेला, मग दुसराच आला. गेलेला परत आलाच नाही." मग त्यांनी विचारलं, "दिसतंय ना त्यातून? पहिल्याइतकं?"

मी गॉगल वर करून उजवा डोळा मिटला. डाव्यातून आई धुकट दिसल्या, जशा चष्म्याशिवाय नेहमी दिसायच्या तशाच. "दिसतंय," मी म्हटलं. त्या खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. ओठ हलत होते. त्रिशरण म्हणत असाव्यात.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना बसवून समजावलं. डाव्या डोळ्याला भरून यायला किमान तीन महिने. नंतर पापुद्रा न कापता वरच्या वर लेसर करता येईल. त्यात दुखतं जास्त आणि नजर यायला वेळ लागतो, पण तिथं सक्शन लागत नाही. मी पुन्हा विचारलं, मी हलले का. त्या म्हणाल्या, "लहान फटीच्या डोळ्यांत होतं. तुम्ही हलला असाल, नसाल. मला नाही सांगता येणार." त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही, याचा तेव्हा राग आला.

संध्याकाळी उजवा डोळा जळायला लागला, कांदा चिरल्यासारखा, पाण्याच्या धारा. हे होणार हे सांगितलं होतं. मी पडदे ओढून झोपले. फोनवर नवरा आईंशी बोलत होता. त्याचा चढलेला आवाज मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येत होता. तो हॉस्पिटलला नावं ठेवत होता. आई एवढंच म्हणाल्या, "थांबल्या ना वेळेवर. तुझ्या वडिलांच्या वेळी कुणी थांबलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यानं मला खिडकीतून समोरच्या टॉवरवरची वाळत घातलेली कापडं एकेक दिसली. त्यातही धड सुख नव्हतं. एक डोळा लख्ख आणि दुसरा उणे सहा, असं असलं की मेंदू दोघांची जोडणी करू शकत नाही. चष्मा चालत नाही, कारण दोन डोळ्यांना वस्तू दोन आकारांच्या दिसतात. अंतर कळेना. मी चहा कपाच्या बाहेर ओतला. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना तोल गेला तेव्हापासून साधा जिना धरला. महिनाभरानं डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालायची परवानगी दिली, पण दिल्लीच्या हिवाळ्यातल्या धुरकट हवेत ती दुपारपर्यंत टोचायला लागायची. ऑफिसात मी डावा डोळा मिटून टाइप करायचे. लोक विचारायचे, "एक ही करवाया?" मी हसून विषय बदलायचे.

आणि या सगळ्या महिन्यांत, दिवसातून चार वेळा, आई थेंब घालायच्या. मला स्वतःला घालता यायचे. पण त्या म्हणायच्या, "वर बघ," आणि त्यांचा हात माझ्या कपाळावर असायचा, आणि थेंब अगदी बरोबर पडायचा. त्यांच्या हाताची ही सवय कुठली, हे मला विचारावं लागलं नाही.

तीन महिने होऊन गेल्यावर तपासणी झाली. डाव्या डोळ्याचा काप भरला होता, एक बारीक व्रण कडेला होता, मध्यावर नाही. डॉक्टर म्हणाल्या, "आता करू शकतो. नाही केलं तरी चालेल. लेन्स वापरत राहा."

घरी येताना मी आईंना म्हटलं, "राहू दे का?"

मला वाटलं होतं, त्या लगेच हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "तुला भीती कशाची वाटते? दुखायची?"

"पुन्हा तसंच होण्याची."

"त्यात ती रिंग नाही म्हणाल्या ना त्या?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "भीती मलाही वाटतेच. पण तू दिवसभर एक डोळा मिटून बसतेस, ते मला बघवत नाही."

दुसऱ्या वेळी नवरा आला होता. तो टीव्हीकडे पाठ करून बसला. आई तोंड करून बसल्या. आत यावेळी दाब नव्हता, काळोख नव्हता. कॉर्नियाची वरची साल एका द्रवानं सैल करून बाजूला सारली, मग तोच हिरवा ठिपका, तोच आवाज, तोच वास. मग गारेगार कापसाचा बोळा आणि पट्टीसारखी एक लेन्स. मी चेंडू इतका घट्ट धरला होता की तो हातातून सोडवून घ्यावा लागला. "हो गया," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्याच वेळी त्यांनी खोल श्वास सोडलेला मी ऐकला. त्याही इतका वेळ माझ्यासारख्याच श्वास रोखून होत्या, हे मला त्या श्वासावरून कळलं.

पुढचे तीन दिवस मात्र मी कुणालाही सोसायला सांगणार नाही. डोळ्यात वाळू भरून कुणी पापणी शिवल्यासारखं. गोळ्या घेतल्या तरी ठणका राहायचा. पडद्याच्या फटीतली उन्हाची रेघही सहन होईना. नवऱ्यानं सगळ्या खिडक्यांना चादरी बांधल्या. चौथ्या दिवशी सकाळी ठणका थांबला, पण दिसायचं धुकंच. आठवड्यानंही धुकं. मी रोज सकाळी उजवा डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे बघायचे आणि आई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज?" मी म्हणायचे, "कालच्याइतकंच." त्या पोळी लाटत राहायच्या.

धुकं हळूहळू गेलं. एवढं हळू की कुठल्या दिवशी गेलं ते सांगता येणार नाही. थेंब महिनोन्‌महिने कमी कमी करत न्यायचे होते, मध्ये मध्ये डोळ्यातला दाब मोजायचा होता. उन्हात गॉगल सक्तीचा.

शेवटची मोठी तपासणी झाली तेव्हा आई सोबत होत्या. उजव्या डोळ्यानं मी तक्त्याची शेवटची ओळ वाचली. डाव्यानं तिच्या वरची. शेवटच्या ओळीतली दोन अक्षरं मी चुकवली.

"आणखी सुधारेल?" मी विचारलं.

"थोडं. कदाचित नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही उघडे ठेवून वाचा आता."

दोन्ही उघडे ठेवून मी सगळं वाचलं. हायवेवरच्या दिव्यांना अजून वलयं दिसतात. एसीखाली डोळे कोरडे पडतात, पर्समध्ये थेंबांची बाटली असते. एवढं राहिलं आहे. ते राहील, असं वाटतं.

त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा होती. मला दिल्लीत माझ्या ऑफिसाकडे, कस्तुरबा गांधी मार्गाला, एक काम होतं. ते झाल्यावर आई म्हणाल्या, "भूक लागलीये. तुमच्या तिकडं भाकरी मिळते ना?" तिथल्याच, आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये गेलो, तिथं मराठी जेवण मिळतं. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा आला. आईंनी पहिला घास घेतला, मान हलवली, "बरं आहे," म्हणाल्या. मी ठेचा बोटानं उचलला तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"चमच्यानं घे," त्या म्हणाल्या. "आणि जेवून झालं की आधी साबणानं हात धू. मग डोळ्याला लाव."

मी चमचा मागवला.